छोटी कॉलेजं, मोठी संघटना

आपल्या बैठकांत एक प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी निघतोच. आपला लहान संघ मोठ्या संघात घालायचा का? घातला तर पैसा येतो, गाडी-भाडं सुटतं, साहेब लोक ओळखायला लागतात. पण मग सही कुणाची चालणार? आज आम्ही याच प्रश्नाची एक लांबची गोष्ट आणली आहे. ती अमेरिकेतली आहे, कॉलेजातल्या खेळांची आहे, आणि खरी घडलेली आहे.

आधी फुटबॉलचं सांगतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपल्या मुलांचा पायानं मारायचा चेंडू नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. डोक्याला टोप, खांद्याला गाद्या. सुरुवातीला त्या गाद्याही धड नव्हत्या. १९०५ साली खेळताना इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना थेट आपल्या घरी बोलावलं आणि नीट खेळा म्हणून बजावलं. त्या गदारोळातून १९०६ साली एक संघटना उभी राहिली. पुढं तिचं नाव एनसीएए झालं. आपण तिला मोठी संघटना म्हणू.

मोठ्या संघटनेचं लक्ष मोठ्या कॉलेजांकडं. पाचशे-हजार मुलांचं, शेतीच्या मुलखातलं कॉलेज कुणाच्या खिजगणतीत? म्हणून १९३७ साली कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांनी आपली बास्केटबॉलची स्पर्धा भरवली. बास्केटबॉल ज्यांनी शोधून काढला ते नाईस्मिथ मास्तर तेव्हा हयात होते, त्यांचाही तिला हातभार होता. त्या स्पर्धेतून १९४० साली छोट्यांची संघटना झाली आणि १९५२ साली तिला एनएआयए हे नाव मिळालं.

या छोट्यांच्या संघटनेचं एक काम आम्हाला फार मोठं वाटतं. तिच्या स्पर्धेत आधी काळ्या मुलांना बंदी होती. १९४७ साली इंडियाना स्टेट कॉलेजला बोलावणं आलं. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा काळा मुलगा होता. त्याला सोडून या, असं म्हटल्यावर त्यांचे गुरुजी जॉन वुडन यांनी संघच नेला नाही. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर खेळला. १९५३ साली या संघटनेनं काळ्या मुलांच्या कॉलेजांनाही सभासद करून घेतलं. मोठ्यांच्या आधी.

फुटबॉलचा देशाचा विजेता ठरवायचीही छोट्यांना सोय नव्हती. मोठ्या संघटनेत तर पुढंही हंगाम संपला की वर्तमानपत्रवाले आणि गुरुजी मतं देऊन ‘छोट्यांतला पहिला’ ठरवायचे. म्हणजे मैदानात न उतरताच निकाल! एनएआयएनं १९५६ साली अंतिम सामना मैदानात घेतला, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी. मोंटाना स्टेट आणि इंडियानातलं सेंट जोसेफ्स. त्या दिवशी एवढा चिखल की कुणालाच काही करता येईना. निकाल शून्य-शून्य, आणि दोघंही विजेते. आमच्यातल्या एकीला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं ती दोनदा सांगायला लावली.

मोठी संघटना जागी झाली ती १९७३ साली. तिनं सभासदांचे तीन विभाग केले. पहिल्यात मोठी कॉलेजं, दुसऱ्यात मधली, तिसऱ्यात अशी कॉलेजं जी खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागाला फुटबॉलची बाद फेरी त्याच वर्षी मिळाली. तिसऱ्या विभागात फक्त चार संघ होते. विटनबर्गनं जुनियाटाला ४१-० असं हरवलं. आज त्याच फेरीत चाळीस संघ खेळतात.

मग छोट्यांच्या संघटनेतून गळती सुरू झाली. कारण साधं आहे. फुटबॉलला शेजारी लागतो. शंभर मैलांवरचं कॉलेज मोठ्या संघटनेत गेलं की आपण कुणाशी खेळणार? दूर जायचं तर बसचं भाडं, मुक्काम, चाळीस-पन्नास पोरांचं जेवण. मोठी संघटना अंतिम फेऱ्यांच्या प्रवासाचा खर्च देते. एक गेलं, दुसरं गेलं, मग तिसऱ्याला राहून चालेना. एनएआयएनं १९७० साली फुटबॉलचे दोन विभाग केले होते, ते १९९७ साली पुन्हा एकत्र करावे लागले. डेअरीतलं दूध दुसरीकडं जायला लागलं की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता बायकांकडं येऊ. खरं तर आम्ही इथंच यायला निघालो होतो.

या सगळ्या वर्षांत मुली कुठं होत्या? दोन्ही संघटनांच्या देशपातळीच्या स्पर्धा पुरुषांच्याच. मुलींचा खेळ म्हणजे व्यायाम, स्पर्धा त्यांना झेपायची नाही, असं म्हणणारे ढीगभर. मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेट कॉलेजात मार्गारेट वेड ही मुलगी बास्केटबॉल खेळायची. १९३२ साली कॉलेजनं मुलींचा संघच बंद केला, हा खेळ नाजूक मुलींना फार कष्टाचा म्हणून. मुलींनी आपले खेळाचे कपडे जाळले. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलखात कष्टाची ही काळजी!

१९७१ साली बायकांनी आपली स्वतःची संघटना केली, एआयएडब्ल्यू. चालवणाऱ्या बायका, अध्यक्ष बाई, नियम करणाऱ्याही बाया, आणि बहुतेक सगळ्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. मुलांच्या खेळात पैशानं काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून नियम वेगळे. दारोदार जाऊन खेळाडू पळवायचे नाहीत. मुलीला कॉलेज बदलायचं असेल तर बदलू द्या, खेळू द्या. छोट्या कॉलेजांसाठी वेगळ्या स्पर्धाही घेतल्या.

१९७२ सालची त्यांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा कुणी जिंकली? पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा या नन्सनी चालवलेल्या मुलींच्या छोट्या कॉलेजनं. त्यांची व्यायामशाळा काही वर्षांपूर्वी जळाली होती. स्पर्धेला जायला पैसे नव्हते, म्हणून मुलींनी टूथब्रश विकले. तरी आठच जणींची सोय झाली. विमानात जागा रिकामी राहिली तर मिळेल अशा स्वस्त तिकिटांवर त्या गेल्या. सोळा संघांत त्यांचा क्रमांक पंधरावा धरला होता. ज्या वेस्ट चेस्टरनं त्यांना थोड्याच दिवसांपूर्वी ३२ गुणांनी लोळवलं होतं, त्याच संघाला त्यांनी अंतिम सामन्यात ५२-४८ असं हरवलं. पुढं सामन्यांना नन्स पत्र्याच्या बादल्या घेऊन बसायच्या आणि काठीनं बडवायच्या. सलग तीन वर्षं हेच कॉलेज विजेतं ठरलं.

चौथ्या वर्षी त्यांना हरवलं डेल्टा स्टेटनं. होय, तेच डेल्टा स्टेट. कॉलेजनं १९७३ साली संघ पुन्हा सुरू केला आणि मार्गदर्शक म्हणून साठी गाठलेल्या मार्गारेट वेड यांनाच बोलावलं. त्यांच्या संघात लुशिया हॅरिस होती. कापूस पिकवणाऱ्या गरीब काळ्या कुटुंबातली मुलगी, उंची सहा फूट तीन इंच. १९७६ साली ऑलिम्पिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा पहिली टोपली तिनंच मारली.

सगळं गोड नव्हतं. बायकांच्या संघटनेनं सुरुवातीला शिष्यवृत्तीवर बंदी घातली होती. पैसा आला की मुलींना राबवून घेतील ही भीती. पण मुलांना फी माफ आणि मुलींना तत्त्वज्ञान, हे कसं चालेल? १९७३ साली फ्लोरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या बाई कोर्टात गेल्या आणि संघटनेला तो नियम सोडावा लागला. आम्हाला वाटतं मुलींचं बरोबर होतं.

१९७२ सालीच अमेरिकेत कायदा झाला होता, टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. मोठी संघटना आधी या कायद्याविरुद्ध भांडली, कोर्टातही गेली. कायदा हलत नाही हे दिसल्यावर तिला एकदम मुलींच्या खेळाची आठवण झाली.

जानेवारी १९८० मध्ये मोठ्या संघटनेनं ठरवलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात मुलींच्या स्पर्धा आपण घ्यायच्या. दार आधी छोट्या कॉलेजांकडून उघडलं, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी एनएआयएनंही मुलींच्या स्पर्धा सुरू केल्या. जानेवारी १९८१ मध्ये मोठ्या कॉलेजांच्या मुलींचा ठराव आला. सभागृहात बहुतेक पुरुष. पहिल्यांदा मतं १२४ विरुद्ध १२४. पुन्हा मोजली तर एका मतानं ठराव पडला. मग फेरविचार मागितला गेला आणि ठराव मंजूर झाला.

आमिष कसं होतं बघा. अंतिम स्पर्धेचा प्रवास आम्ही देतो. मुलींचे संघ आणले तर वेगळी वर्गणी नाही. मुलांचे संघ त्यांच्याकडं होतेच, मग दोन घरांची वर्गणी कोण भरणार? बायकांच्या संघटनेत नऊशेच्या वर कॉलेजं होती, ती निघून जायला लागली. टीव्ही कंपनीनंही हात काढून घेतला. अध्यक्ष डोना लोपियानो आणि त्यांच्या आधीच्या क्रिस्टीन ग्रँट यांनी जीव तोडून विरोध केला. कोर्टात दावा लावला, तो हरला.

२८ मार्च १९८२ या एकाच दिवशी मुलींच्या बास्केटबॉलचे दोन अंतिम सामने झाले. नॉरफोकला मोठ्या संघटनेचा, त्यात लुइझियाना टेकनं चेनी स्टेट या काळ्यांच्या छोट्या कॉलेजला हरवलं. फिलाडेल्फियात बायकांच्या संघटनेचा, त्यात रटगर्सनं टेक्सासला हरवलं. तो तिचा बास्केटबॉलचा शेवटचा अंतिम सामना. पुढच्या वर्षी संघटना कागदावरूनही पुसली गेली.

यात वाईट झालं की बरं, यावर आमच्यात एकमत नाही. शाळांत खेळणाऱ्या मुली १९७१-७२ साली तीन लाखांच्या आत होत्या, आज तीस लाखांवर आहेत. हा कायद्याचा जोर, आणि मोठ्या संघटनेच्या पैशाचाही. पण १९७२ साली कॉलेजच्या मुलींच्या शंभर संघांपैकी नव्वदांहून जास्त संघांच्या मार्गदर्शक बायका होत्या. २०१४ साली त्या ४३ राहिल्या. पगार वाढला तसे पुरुष अर्ज करायला लागले.

आपल्याकडंही असं घडलं आहे. १९७३ साली बायकांच्या क्रिकेटची स्वतंत्र संघटना झाली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून जायच्या. २००६ साली ती पुरुषांच्या क्रिकेट मंडळात गेली. २०२५ साली नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्यात सांगलीची स्मृती मंधाना होती. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, विलीन झालो नसतो तर हा दिवस दिसलाच नसता. दुसरी म्हणते, मंडळाच्या खुर्च्यांवर बायका किती ते मोजून सांग.

इमॅक्युलाटाच्या त्या मुलींना २०१४ साली बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात जागा मिळाली. कॉलेजमध्ये २००५ पासून मुलगेही शिकतात. डेल्टा स्टेट आज मोठ्या संघटनेच्या दुसऱ्या विभागात खेळतं, इमॅक्युलाटा तिसऱ्या.