‘अछूत कन्या’ आणि करुणेची साक्ष

युरोपातील ज्यूंच्या संहारावरील चित्रपटांविषयी आपण बोलू लागलो, की ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) किंवा क्लोद लांझमानचा ‘शोआ’ (१९८५) ही नावे पुढे येतात आणि प्रश्न आपोआप परक्यांचा होऊन बसतो. प्रत्यक्षात त्या इतिहासाचा एक धागा मालाडमधून जातो. पडद्यावरील करुणा ही नैतिक साक्ष मानावी काय, हा प्रश्न तो धागा तपासल्याखेरीज आपल्याला नीट विचारता येणार नाही.

हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. तिच्या आरंभीच्या बहुतेक चित्रपटांचे दिग्दर्शन म्युनिकच्या फ्रान्झ ऑस्टेनने केले. ‘अछूत कन्या’ १९३६ चा. त्याच वर्षी ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिशांनी त्याला स्थानबद्ध केले व पुढे वयामुळे सुटका झाल्यावर तो जर्मनीस परतला. याच मुंबईत १९३९ मध्ये विली हास आला. ‘दी लितरारिशं वेल्ट’ या बर्लिनच्या साप्ताहिकाचा हा ज्यू संपादक मोहन भवनानींच्या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहू लागला. काफ्काची मिलेनास लिहिलेली पत्रे पुढे यानेच संपादित केली. पक्षाचा सभासद आणि त्या पक्षामुळे परागंदा झालेला, दोघांचेही पोट एकाच धंद्याने भरले.

‘अछूत कन्या’त रेल्वे फाटकवाल्या दुखियाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण मोहनचा मुलगा प्रताप यांचे प्रेम आहे. आजारी दुखियाला मोहन आपल्या घरी आणतो, तेव्हा जमाव त्याच्यावर चालून येतो. चित्रपटातील हे सर्वांत धगधगीत स्थळ. पण कथानक तेथे रेंगाळत नाही. शेवटी कस्तुरी मरते ती सवतीमत्सर, गैरसमज आणि धावती आगगाडी यांच्यामुळे. जमाव तोवर विसरला गेलेला असतो. अत्याचाराला बळी आहे, कर्ता मात्र उरत नाही.

हा कर्ता डॉ. आंबेडकरांनी नावानिशी दाखविला. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गांधीजी व अस्पृश्यांची मुक्ती या विषयावरील इंग्रजी पुस्तकात त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचे अस्पृश्यांशी वर्तन यांत विचारसरणी व परिणाम या दोन्ही दृष्टींनी फरक नाही, असे सांगितले. मालाडच्या पटकथेला दुःख दिसले होते, ही तुलना मात्र तिच्या कक्षेबाहेरची होती.

यावरून ऑस्टेनची करुणा ढोंगी होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ते मला मान्य नाही. मूळ कथा निरंजन पाल यांची होती, निर्मितीवर राय यांची पकड होती, आणि दिग्दर्शकाला हिंदुस्तानी येत नव्हती. ‘दिग्दर्शक हाच कर्ता’ हे फ्रेंच सूत्र येथे फारसे चालत नाही. झाक रिवेतने १९६१ मध्ये ‘कापो’ या छावणीपटावर जो प्रसिद्ध आक्षेप घेतला, तो येथे उपयोगी पडतो. विद्युत्भारित तारेवर मेलेल्या स्त्रीकडे कॅमेरा सरकतो आणि तिचा देह चौकटीत नेटका बसवून घेतो, हे त्याला घृणास्पद वाटले. ‘कापो’चा दिग्दर्शक पोन्तेकोर्वो स्वतः ज्यू आणि फॅसिझमशी लढलेला होता. म्हणजे निर्मळ चरित्रातून दोषी चित्रचौकट निघू शकते. मग डागाळलेल्या चरित्रावरून चौकटीचा निवाडा कसा द्यावा? तो चौकटीतच शोधावा लागतो.

‘अछूत कन्या’च्या चौकटीत फाटकापाशी कस्तुरीचे स्मारक आहे आणि सारी कथा त्याच्याभोवती सांगितली जाते. जिवंतपणी जिला घरात घेतले नाही, तिला मेल्यावर देवत्व मिळते. प्रेक्षक हात जोडून मोकळा होतो. ‘शोआ’त लांझमान नऊ तासांहून अधिक काळ जुनी चित्रफीत दाखवीत नाही. हेल्म्नोहून जिवंत सुटलेल्या सिमॉन स्रेब्निकला तो त्याच रानातील मोकळ्या जागेत परत नेतो. तेथे गवत आहे, शांतता आहे, आणि प्रेतांची विल्हेवाट येथेच लागत असे, एवढे स्रेब्निक सांगतो.