मूलभूत हक्क, भारतीय

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या भागात (अनुच्छेद १२ ते ३५) समाविष्ट असलेले व न्यायालयामार्फत बजावता येणारे हक्क. त्यांच्याशी विसंगत असलेला कायदा अनुच्छेद १३ नुसार विसंगतीच्या मर्यादेपुरता शून्यवत ठरतो.

पूर्वपीठिका : नेहरू अहवाल (१९२८) आणि काँग्रेसचा कराची ठराव (१९३१) यांत अशा हक्कांची मागणी होती. संविधान सभेत वल्लभभाई पटेल यांच्या सल्लागार समितीने, तसेच आचार्य कृपलानी यांच्या उपसमितीने त्यांना आकार दिला.

वर्गीकरण : समानता (१४–१८), स्वातंत्र्य (१९–२२), शोषणाला प्रतिबंध (२३–२४), धर्मस्वातंत्र्य (२५–२८), सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क (२९–३०) आणि सांविधानिक उपाय (३२) असे सहा गट आहेत. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) या भागातून वगळला. ८६ व्या दुरुस्तीने (२००२) ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षणाचा हक्क आला. अनुच्छेद १५, १६ व १९ यांचे संरक्षण केवळ नागरिकांना आहे. कायद्यापुढील समानता, जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य परकीयांनाही लाभते. बहुतेक हक्क राज्यसंस्थेविरुद्ध असले, तरी अस्पृश्यता आणि वेठबिगारी यांवरील बंदी खाजगी व्यक्तींनाही बांधते.

अंमलबजावणी : हक्कभंग झाल्यास अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात, तर २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार व प्राकर्षण हे प्राधिलेख त्यासाठी काढले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी अनुच्छेद ३२ च्या तरतुदीला संविधानाचा आत्मा म्हटले.

मर्यादा व न्यायनिर्णय : अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांवर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता इत्यादी नमूद कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. आणीबाणीत, १९७६ च्या जबलपूर खटल्यात, स्थानबद्धांना देहोपस्थितीची दाद मागता येत नाही, असा निर्णय ४ विरुद्ध १ मतांनी झाला, न्या. हंसराज खन्ना यांनी भिन्न मत नोंदवले. पुढे ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. मनेका गांधी खटल्यात (१९७८) स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे ठरले. पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला आणि जबलपूर निर्णय चुकीचा ठरवला. केशवानंद भारती निर्णयानुसार (१९७३) संसदेला या भागात दुरुस्ती करता येते. मात्र संविधानाची मूलभूत चौकट तिला मोडता येत नाही.