चित्र काढून घेतले तरी

टीव्हीवरच्या कार्टून मालिकेच्या गाण्यांचा अल्बम म्हणजे टी-शर्ट, मग, चावीच्या साखळ्या यांच्याच पंक्तीतला माल, असे मत रूढ आहे. पूर्वपक्ष थोडक्यात असा: ही गाणी पडद्यावरच्या विनोदाच्या आधाराने उभी असतात, चित्र काढून घेतले की आडवी होतात.

‘द सिम्पसन्स’पुरते बोलायचे तर या मताला खतपाणी मालिकेनेच घातले. डिसेंबर १९९० मध्ये ‘द सिम्पसन्स सिंग द ब्लूज’ निघाला. मालिकेला जेमतेम वर्ष झाले होते आणि मालिकेतल्या वात्रट बार्टच्या नावावर काहीही खपत होते. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, त्यातले ‘डू द बार्टमन’ ब्रिटनमध्ये पहिले आले. बी. बी. किंगची गिटार त्यात आहे खरी. पण बहुतेक गाणी कथेतून उगवलेली नव्हेत, लोकप्रियता ओसरण्याआधी घाईने बसवलेली. याला खुशाल माल म्हणा.

त्याच मापाने १९९७ चा ‘साँग्ज इन द की ऑफ स्प्रिंगफील्ड’ मोजणे मात्र निव्वळ आळस आहे. ही गाणी भागांमध्येच, प्रसंगाची गरज म्हणून जन्मली. नाटकातले पद नाटकाबाहेर ऐकू नये, असे निदान मराठी रसिकाला तरी कोणी सांगू नये.

‘ओ, स्ट्रीटकार!’ घ्या. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या १९४७ च्या शोकांतिकेचे मालिकेतल्या गावातल्या हौशी मंडळींनी केलेले संगीतक. मूळ नाटकात वेड्यांच्या इस्पितळात नेली जाणारी ब्लांश जाता जाता अनोळखी माणसांच्या दयेबद्दल बोलते. ते वाक्य काळजाला घरे पाडते. इथे तोच विचार उडत्या ठेक्यावर, साऱ्या नटसंचाच्या खणखणीत समूहगानातून येतो, जणू लग्नाची वरात निघाली आहे. त्याआधी ब्लांशच्या भूमिकेतली मार्ज सिम्पसन तारांना लटकून हवेत फिरते, तो विनोद चित्राचा, मान्य. शेवटचा घाव मात्र सुरावटीचा आहे, आणि तो डोळे मिटूनही बसतो. ‘सी माय व्हेस्ट’मध्येही तेच: डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या पाहुणचाराच्या गाण्याच्या वळणावर मालिकेतला खलनायक, म्हातारा बर्न्स कातड्यांचे कपडे मिरवतो. चालीतले अगत्य जितके अस्सल, तितका अंगावर काटा.

हे साधले, कारण मालिकेचा संगीतकार आल्फ क्लॉसन विनोदी वाजवतच नसे. सुमारे ३५ वादकांचा ताफा घेऊन तो ब्रॉडवेच्या शिस्तीने गंभीर संगीत लिहीत असे. वात्रटपणा शब्दांनी करायचा. मालिकेतल्या गाण्यांसाठी त्याला १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ एमी पारितोषिके मिळाली, तरी २०१७ मध्ये निर्मात्यांनी त्याला काढलेच.

अल्बममध्ये दोष आहेत. मध्येच संवाद घुसतात, काही तुकडे कानात बसायच्या आत संपतात. खरा आक्षेप मात्र ‘हू नीड्स द क्विक-ई-मार्ट?’वर घेता येतो. क्विक-ई-मार्ट या दुकानातून हाकललेला भारतीय दुकानदार अपू ‘मला कुठे त्याची गरज?’ असे नाचत गातो आणि अखेर छपरावर एकटाच कबूल होतो की गरज त्यालाच आहे. रचना म्हणून फक्कड. पण अपूला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने काढलेला तो नकली हिंदुस्थानी हेल, पडद्यावरचे रंग समोर नसताना, नुसता ऐकायला अधिकच टोचतो.