बाबांनी निवडलेला आकडा: गिगाहर्ट्झच्या शर्यतीची गोष्ट

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे सुचला.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाने दोन स्क्रीनशॉट पाठवले. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, आता लॅपटॉप घ्यायचाय. खाली एकच ओळ: "दादा, दुसऱ्याचे गिगाहर्ट्झ जास्त आहेत. म्हणजे तोच घेऊ ना?"

मी "नको" असं टाइप केलं आणि थांबलो. कारण हाच प्रश्न २०१५ साली आमच्या घरात आला होता, आणि त्याचं उत्तर बाबांनी दिलं होतं.

तेव्हा दुकानात आमच्यासमोर दोन लॅपटॉप होते. एकाच्या कागदावर २.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याच्या १.७. बाबांनी खिशातली डायरी काढली, दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मोठा आकडा, वर किंमतही कमी. झालं, २.४ वाला घरी आला. तो एक पिढी जुना होता, वीज जवळजवळ दुप्पट खायचा, हॉस्टेलवर त्याची बॅटरी दीड तासात मान टाकायची आणि पंखा असा ओरडायचा की रूममेट उठून बसायचा. १.७ वाला गरज पडली की २.७ पर्यंत जायचा, पण ते कागदावर खाली बारीक अक्षरात होतं. दुसऱ्या सेमिस्टरला हे मला कळलं तेव्हा मी फोनवर बाबांना म्हणालो, "तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर विचारायचं ना कुणाला तरी."

पीएफमधून पैसे काढून त्यांनी तो लॅपटॉप घेतला होता. ते काही बोलले नाहीत.

आज मला ही गोष्ट सांगायची आहे, कारण बाबा अडाणी नव्हते. त्यांनी लावलेला नियम वीसेक वर्षं खरा होता. तो खोटा कधी आणि का झाला, हीच आपली आजची हिस्ट्री.

आधी गिगाहर्ट्झ म्हणजे काय ते बघू. प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो. ढोल-ताशा पथकात जसा टोलच्या ठोक्यावर सगळ्यांचा हात एकत्र पडतो, तसं प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरमधलं काम एक पाऊल पुढे सरकतं. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. पण एका ठोक्यात किती काम होतं, हे तो आकडा सांगत नाही. सगळी गडबड इथून सुरू होते.

१९७१ साली इंटेलचा ४००४ आला. तो बिझीकॉम नावाच्या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवला होता. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ठोका होता जास्तीत जास्त ७४० किलोहर्ट्झ, म्हणजे एक मेगाहर्ट्झसुद्धा नाही. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळातले काही गेम्स थेट या ठोक्यावर वेळ मोजायचे. पुढे वेगवान मशिन्स आली तशी या गेम्समधली माणसं वेड्यासारखी पळायला लागली. म्हणून डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण आलं. गंमत म्हणजे त्याचा खरा उपयोग कॉम्प्युटर हळू करण्यासाठी व्हायचा! त्या दिवसांत आकडा म्हणजेच वेग होता. दुप्पट मेगाहर्ट्झचं मशीन घेतलं की ते खरोखर जवळपास दुप्पट पळायचं.

हे शक्य होत होतं त्यामागे एक माणूस आणि एक पेपर आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केलं, तर तो जास्त वेगाने चालतो आणि तेवढ्याच जागेत निघणारी उष्णता मात्र वाढत नाही. म्हणजे लहान करा, ठोका वाढवा, आणि चटका बसणार नाही. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरचे ट्रान्झिस्टर वाढत जातील असं भाकीत केलं होतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरचा वेग वर्षानुवर्षं वाढत राहिला तो डेनार्ड यांच्या या नियमामुळे.

मग शर्यत लागली. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. इंटेलने फक्त दोन दिवसांनी, ८ मार्चला आपला एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला. ४.७७ मेगाहर्ट्झपासून इथपर्यंत १९ वर्षांत सुमारे २१० पट! या घाईची किंमतही लगेच दिसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारातून परत घ्यावा लागला, कारण जास्त ताणाच्या कामात तो अडखळत होता.

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला आणि खेळच बदलला. याची रचनाच मोठा आकडा गाठण्यासाठी केलेली होती. कशी ते सांगतो.

गणपतीत घरी मोदक करताना एक जण उकड काढतो, एक पारी करतो, एक सारण भरतो, एक कळ्या पाडतो. ओळीने काम चालतं. प्रोसेसरमध्ये याला पाइपलाइन म्हणतात. आता हेच काम २० जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला इतकंसं काम येणार, म्हणजे ठोका भराभर वाजवता येणार. पण मध्येच आजीने सांगितलं, "अगं, आज तळणीचे करायचे होते!" तर ओळीतलं सगळं अर्धवट काम बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ओळ जितकी लांब, तितकं नुकसान मोठं. प्रोग्राममध्ये 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असे फाटे सतत येतात, आणि पुढे कुठला फाटा लागेल याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो. अंदाज चुकला की ओळ रिकामी.

पेंटियम ३ मध्ये ही ओळ साधारण १० टप्प्यांची होती. पेंटियम ४ मध्ये ती २० टप्प्यांची झाली, आणि २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत ३१. आकडा मोठा दिसायचा, पण एका ठोक्यात होणारं काम कमी झालं होतं.

हे लोकांना सांगायचं कसं? जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये ॲपलने मंचावर ८६७ मेगाहर्ट्झचा जी४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ शेजारी ठेवले, फोटोशॉपचं काम लावलं आणि जी४ जिंकताना दाखवला. नाव दिलं 'मेगाहर्ट्झ मिथ'. अर्थात यात ॲपलचा स्वार्थ होताच, आकड्यात ते मागे पडले होते ना! एएमडीने वेगळी युक्ती केली. त्यांच्या ॲथलॉन एक्सपी १८००+ चा खरा ठोका १.५३ गिगाहर्ट्झ होता, पण नावात १८०० घातलं. म्हणजे ज्यांना आकड्याचा खेळ मान्य नव्हता, त्यांनाही ग्राहकासमोर आकडाच मांडावा लागला.

पेंटियम ४ नोव्हेंबर २००२ पर्यंत ३.०६ गिगाहर्ट्झला पोहोचला. दोन वर्षांत दुप्पट. ही रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल अशी भाषा चालू होती.

बाबांनी एमएस-सीआयटी केलं ते याच सुमारास, २००३ मध्ये. सरकारी नोकरीत ते सक्तीचं होतं. क्लासमधल्या सरांनी शिकवलं, प्रोसेसरचा वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका कॉम्प्युटर फास्ट. बाबांनी डायरीत लिहून घेतलं. तोवरच्या वीस वर्षांचा अनुभव तेच सांगत होता.

आणि नेमकी तेव्हाच ही शर्यत भिंतीवर आदळत होती. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले होते की ते बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपायला लागली. व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. डेनार्ड यांचा सौदा संपला. आता ठोका वाढवला की उष्णता वाढणारच. पेंटियम ४ चा सर्वांत वेगवान प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला, आणि त्याच्या कूलरला ११५ वॅटची उष्णता बाहेर काढावी लागायची. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार असं जाहीर झालं होतं, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाला. त्याच महिन्यात एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याबद्दल मंचावर गुडघे टेकून गमतीत माफी मागितली.

सुटकेची वाट कुठून आली माहितीये? लॅपटॉपमधून! इस्राएलमधल्या हैफा शहरात इंटेलची एक टीम बॅटरी वाचवणारा प्रोसेसर बनवत होती. मार्च २००३ मध्ये त्यांचा पेंटियम एम आला. १.६ गिगाहर्ट्झपर्यंतचा, पण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आकडा मिरवणाऱ्या पेंटियम ४ ला टक्कर देणारा, तेही थोडक्या विजेत. त्याच विचारातून जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. सुरुवातीला त्याचा सर्वांत वेगवान प्रोसेसर २.६७ गिगाहर्ट्झचा होता, आणि त्याने ३.८ वाल्याला सहज मागे टाकलं. आकडा कमी, वेग जास्त. बाबांच्या डायरीतला नियम अधिकृतपणे उलटा झाला.

'ड्युओ' म्हणजे एका चिपवर दोन कोअर. एकाला जास्त पळवता येत नाही, तर जास्त माणसं कामाला लावा. ही कल्पना नवी नव्हती, आणि इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. अमेरिकेकडून ताकदवान सुपरकॉम्प्युटर मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला, तो एका प्रचंड वेगवान प्रोसेसरवर नाही, तर ६४ ट्रान्सप्यूटर एकत्र जोडून. आज तुमच्या खिशातल्या फोनमधले आठ कोअर त्याच तत्त्वावर चालतात.

पण जास्त माणसं म्हणजे जास्त वेग, असंही सरळ नाही. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी मांडलेला हिशोब आहे. कामाचा १० टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर हजार कोअर लावूनही वेग दहा पटीपलीकडे जाणार नाही. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे हे मला रोज भेटतं. २००५ पर्यंत प्रोग्रामर आळशी राहिला तरी चालायचं, पुढच्या वर्षीचा प्रोसेसर त्याचा प्रोग्राम आपोआप पळवायचा. ती चैन तेव्हाच संपली.

आणि आकडा? २००४ मध्ये ३.८ होता. २०२४ मध्ये डेस्कटॉपचा सर्वांत मोठा, तोही क्षणभर गाठता येणारा आकडा ६.२ होता. आधी १९ वर्षांत २१० पट, नंतर वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. २०२० मध्ये ३.२ गिगाहर्ट्झच्या ॲपल एम१ वर चालणारा, पंखाच नसलेला लॅपटॉप आला, आणि मोठ्या आकड्याच्या कितीतरी लॅपटॉपना त्याने मागे टाकलं.

तर मावसभावाला मी शेवटी काय लिहिलं, ते तुम्हालाही सांगतो.

एक, गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या प्रोसेसरमध्ये कर. बाकी ठिकाणी तो आकडा मुका आहे.

दोन, 'अप टू' हे दोन शब्द नीट वाच. तो वेग काही सेकंदांचा असतो, गरम झालं की प्रोसेसर स्वतःच दम खातो. पातळ लॅपटॉपमध्ये लवकर. म्हणून सलग अर्धा तास काम लावून घेतलेल्या चाचण्या बघ.

तीन, पिढी तपास, आणि नावावर जाऊ नको. उदाहरणार्थ, रायझन ७५२०यू नवा वाटतो, पण आतली रचना २०१९ ची झेन २ आहे. त्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो.

चार, शेवटचं अक्षर बघ. यू म्हणजे कमी वीज, जास्त बॅटरी. एच म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता, जड चार्जर. दिवसभर लेक्चरला न्यायचा असेल तर यू बरा.

पाच, उरलेले पैसे रॅमवर घाल. १६ जीबी आणि एसएसडी. प्रोसेसर कितीही पळाला तरी डेटा यायची वाट बघत बसला, तर त्याचे ठोके वायाच जातात.

आणि सहा, आधी कॉलेजच्या सीनियर्सना विचार की कुठली सॉफ्टवेअर लागतात. सॉलिडवर्क्ससारखी काही फक्त विंडोजवर चालतात.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी तो बाबांना फोनवर वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी चुकलोच की."

मी म्हणालो, "चुकला नाहीत बाबा. तुमची डायरी २००३ ची होती. आणि मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

थोडं थांबून ते हसले. "बरं. आणि तू त्या पोराला आता जे सहा मुद्दे लिहून दिलेस, ते किती साल चालतील?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मावसभावाच्या मेसेजखाली मी आणखी एक ओळ टाकली: "हे या वर्षीचं आहे. तुझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी पुन्हा विचार."

भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!