काजळीच्या घराण्यातील प्लॅस्टिक

विजेला अडविणे हे कृत्रिम प्लॅस्टिकच्या आरंभीच्या कर्तव्यांपैकी एक होते. हिंदुस्थानातून परदेशी जाणारी लाख (शेलॅक) विजेच्या तारांना लेप देण्यास अपुरी पडू लागली, तेव्हा तिला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले. आणि १९३३ साली इंग्लंडातील चेशर परगण्यात फॉसेट व गिब्सन या रसायनज्ञांच्या हाती अनपेक्षितपणे लागलेले पॉलिथिलीन पुढे महायुद्धात रडारच्या तारांचे वेष्टण म्हणून कामी आले. आज उकिरड्यावर साचणाऱ्या पिशव्यांचे हे कूळ. त्याच कचऱ्यापासून वीज वाहून नेणारे संमिश्र द्रव्य घडविता येते, या विद्येचा उगम मात्र प्लॅस्टिकच्या नव्हे, काजळीच्या घराण्यात आहे.

शतकानुशतके दौतीत वावरलेली काजळी विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात शिरली आणि मोटारीची धाव काळी व चिवट झाली. पुढे तिचा दुसरा गुण, वीज वाहून नेण्याचा, कारखानदारांनी ओळखला. शस्त्रक्रियागृहात ईथर, सायक्लोप्रोपेन असे ज्वालाग्राही भुलीचे वायू वापरीत असत, आणि घर्षणाने साचलेल्या विजेची एक ठिणगी भुलीत पडलेल्या असहाय रुग्णाचा प्राण घेण्यास पुरेशी होती. म्हणून तेथील गाड्यांची चाके, पादत्राणे आणि नळ्या यांसाठी मुद्दाम अधिक काजळी घातलेले, विजेला जमिनीत वाट करून देणारे रबर वापरण्याचा प्रघात पडला. या कुळातील पहिला मान मी त्या चाकांना देतो.

रबर असो वा प्लॅस्टिक, त्यात काजळी थोडी असेल तर काहीच घडत नाही, आणि एका मर्यादेपाशी ती किंचित वाढताच द्रव्याचा विद्युत्-रोध कोट्यवधी पटींनी कोसळतो. या चमत्काराची गणिती उपपत्ती निराळ्याच चिंतेतून निघाली. कोळशाच्या खाणीतील मजुरांच्या मुखवट्यांत कोळशाची जी गाळणी बसवीत, तिच्या रंध्रांतून वायू कुठवर शिरेल, हा प्रश्न सायमन ब्रॉडबेंट यांच्यापुढे होता, आणि गणितज्ञ जॉन हॅमरस्ली यांच्यासह त्यांनी १९५७ साली पाझराचा सिद्धांत मांडला. काजळीचे पुंजके पुरातील बेटांप्रमाणे सुटे असतात तोवर वीज थबकते; ते एकमेकांस बिलगून या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग वाट झाली, की ती वाहू लागते.

कचऱ्याच्या दृष्टीने मात्र निर्णायक पाऊल, माझ्या मते, १९९१ सालचे. जपानातील मासाओ सुमिता आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, परस्परांत न विरघळणारी दोन प्लॅस्टिके वितळवून एकत्र केली असता काजळी दोहोंत सारखी न पसरता, ज्याच्याशी तिचे अधिक जुळते अशा एकातच किंवा दोहोंच्या सीमेवर गोळा होते. आणि ते एक जर स्वतः अखंड पसरलेले असेल, तर पुष्कळ कमी काजळीत काम भागते. पुनर्वापराच्या व्यवसायात भेसळ हा मोठा दोष. पॉलिथिलीनमध्ये पॉलिप्रॉपिलीन राहून गेले की माल ठिसूळ निघतो आणि भाव उतरतो. तीच भेसळ येथे विजेचा मार्ग आखून देऊ शकते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक मोलाची वाटते.

अलीकडे मँचेस्टर आणि ब्राझील येथील संशोधकांनी कॉफीच्या कुप्यांच्या कारखानी कचऱ्यातील प्लॅस्टिकात काजळी मिसळून त्रिमितीय छपाईचा तंतू ओढला, आणि त्यापासून चहा-कॉफीतील कॅफीन मोजणारे संवेदक तयार केले. काजळीने आलेला ताठरपणा घालविण्यासाठी अशा तंतूत एरंडेलही घालून पाहिले गेले आहे. कुप्यांचे प्लॅस्टिक एकजिनसी असल्याने हे साधले. नगरपालिकेच्या गाडीतून येणाऱ्या कचऱ्याची प्रत रोज पालटते, त्यामुळे काजळीचे प्रमाण प्रत्येक घाण्याला नव्याने मोजून ठरवावे लागते. इलेक्ट्रॉनिक भाग ठेवण्याच्या काळ्या तबकांना इतका काटेकोरपणा लागत नाही, तेथे रोध बऱ्याच विस्तृत मर्यादेत राहिला तरी चालते. म्हणून मिश्र कचऱ्याला पहिला शिरकाव अशाच जिनसांत मिळावा, हे रास्त होय.