थेंबात नेमकं उरतं काय?

मंडळी, होमिओपॅथीचा विषय निघाला की कट्ट्यावर दोन तट पडतातच. म्हणून आज थोडा इतिहास.

१७९० मध्ये जर्मनीत हानेमान यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन बघितली. होमिओपॅथीचं मूळ तिथं. औषध पातळ करत नेणं नंतर आलं. बाटलीवरचं '३० सी' म्हणजे एकास शंभर, असं तीस वेळा. हिशेब करा, मूळ अर्काच्या एका थेंबाला चौथ्याच पायरीला पाच हजार लिटरचा टँकर लागतो! बाराव्या पायरीपुढं वनस्पतीचा एक रेणू उरायचीही शक्यता जवळजवळ नसते.

मग प्रयोगशाळा काय म्हणते?

१९८८ मध्ये फ्रान्सच्या बेनव्हेनिस्त यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, इतकं पातळ द्रावणही पेशींवर परिणाम करतं. 'नेचर'चं पथक तिथं गेलं. कुठल्या नळीत काय, हे लपवून प्रयोग केले, तर परिणाम दिसेना.

२०१० मध्ये आपल्या आयआयटी मुंबईत जयेश बेल्लारे यांच्या गटानं सोनं, तांबं, जस्त अशा सहा धातूंची औषधं तपासली. २०० सी पर्यंत धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले. मोठी गोष्ट! पण ते धातू होते, वनस्पती नव्हे. आणि कण सापडणं वेगळं, आजार बरा होणं वेगळं. त्याला रुग्णांवरच्या चाचण्याच लागतात.

श्रद्धा ज्याची त्याची. फक्त शुगर-बीपीची गोळी परस्पर बंद करू नका, एवढंच सांगणं.