आरंभाचा अंक : महानायकांच्या संयुक्त चित्रकथा आणि सख्याची कल्पना (रायपूरच्या संदर्भात)

एखाद्या वाङ्मयप्रकाराचे वाचन कोठून सुरू करावे, हा प्रश्न वरकरणी ग्रंथपालाला विचारण्याचा वाटतो. परंतु आरंभ ठरला की त्या प्रकाराच्या इतिहासाची मांडणीही बऱ्याच अंशी ठरून जाते. म्हणून तो इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे. दोन किंवा अधिक महानायक ज्यांत एकत्र येतात, परस्परांचे मित्र होतात आणि प्रसंगी ती मैत्री पणाला लावतात, अशा संयुक्त चित्रकथांबाबत या प्रश्नाचे रूढ उत्तर अमेरिकी आहे. १९४०च्या हिवाळ्यात निघालेला 'ऑल स्टार कॉमिक्स'चा तिसरा अंक घ्यावा आणि तेथून क्रमाने पुढे यावे, असे सांगितले जाते. प्रस्तुत निबंधात हे उत्तर बाजूला ठेवून रायपूरच्या मराठीभाषक वाचकाचा विचार केला आहे. घरात मराठी, शाळेत व बाजारात हिंदी आणि अवतीभवती छत्तीसगढी अशा तीन भाषांत वाढलेल्या या वाचकाला क्रमवार अंकमालिका कधीच उपलब्ध नव्हती. त्याच्या हाती जो अंक पडला तोच त्याचा पहिला अंक होता. तेव्हा त्याच्यासाठी आरंभाची कसोटी क्रमांकाऐवजी सख्याच्या स्वरूपात शोधावी लागते.

रायपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१च्या स्वारीनंतर छत्तीसगढावर बसला आणि कमीअधिक प्रमाणात १८५४मध्ये नागपूर राज्य खालसा होईपर्यंत टिकला. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेरी, शाळा आणि रेल्वे यांच्यानिमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. तात्यापारा हे वस्तीचे नाव आणि १९३५मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ ही त्याची आजही दिसणारी चिन्हे होत. १९५६मध्ये रायपूर पुनर्रचित मध्यप्रदेशात राहिले, २००० साली छत्तीसगढची राजधानी झाले. मराठी मात्र घरगुती भाषा म्हणून उरली. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून हिंदी मासिक काढले आणि त्याचे नाव 'छत्तीसगढ मित्र' ठेवले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारेही तेच. मराठी घरातून हिंदी मुद्रणात जाण्याची ही वाट चित्रकथांच्या आधीच रुळलेली होती, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च १९६४मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. १९९०पर्यंत चाललेल्या या मालिकेचे अंक इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही निघत. ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. या नामांतराकडे तौलनिक अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. हिंदी वाचकाला 'वेताल' म्हटले की विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारे प्रेत आठवते. कोकणात आणि गोव्यात मात्र वेताळ हा भुतांचा अधिपती आणि गावाची राखण करणारा देव आहे. त्यामुळे जंगलाची राखण करणारा, पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा हा मुखवटाधारी पुरुष मराठीत परका राहिलाच नाही. त्याला एक ठाणे आयतेच मिळाले. भारतीय आवृत्तीत 'बंगाला' हा देश 'डेंकाली' करण्यात आला, तो बंगालशी गोंधळ होऊ नये म्हणून. नावे बदलताना संपादक जागरूक होते, हे त्यावरून दिसते.

पण या जगातील मैत्री कोणत्या जातीची होती? वेताळाचा गुर्रन आणि जादूगार मँड्रेकचा लोथार हे दोघेही निष्ठावान, शूर आणि प्रेमळ आहेत. तरी ते सोबती आहेत, बरोबरीचे मित्र नव्हेत. लोथार हा मूळचा राजपुत्र. त्याला १९३४पासून तीन दशके बिबट्याचे कातडे नेसवून मोडके इंग्रजी बोलायला लावले गेले. १९६५मध्ये चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स आल्यानंतरच त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. मराठी भाषांतरकाराची अडचण येथे निराळी आहे. इंग्रजी सर्वनाम मालक आणि सेवक दोघांनाही सारखेच. मराठीत 'तू' की 'तुम्ही' हे पहिल्याच फुग्यात ठरवावे लागते आणि ठरवले की नाते उघडे पडते. आपल्याकडच्या गुप्तहेरकथांतही बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूपर्यंत जोडीची हीच घडण आढळते. होम्सच्या वळणाची ही जोडी एकाच्या बुद्धीला दुसऱ्याच्या विस्मयाची पार्श्वभूमी देते. चाचा चौधरी आणि गुरू ग्रहावरून आलेला साबू ही प्राण यांची जोडीही बुद्धी आणि बळ अशी वाटणी करून पुन्हा उतरंडच कायम ठेवते, जरी तिची गंमत निर्विवाद आहे.

महत्त्वाची बाब अशी की 'इंद्रजाल'मधील नायक एका मालिकेत राहूनही एकमेकांना बहुधा भेटत नसत. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे एकाच वाड्यातले, पण जिना वेगळा असलेले भाडेकरू होते. १९७७मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न झाले तेव्हा मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून आले, हा सन्मान्य अपवाद. तोही लग्नसमारंभापुरता.

या ठिकाणी रायपूरच्या परिसरातील एका संस्थेकडे वळणे आवश्यक आहे. छत्तीसगढात मैत्री 'होत' नाही. ती विधिपूर्वक 'बदली' जाते. याला मितान बदना म्हणतात. जगन्नाथाच्या महाप्रसादाची देवघेव करून दोघे परस्परांचे 'महाप्रसाद' होतात. रथयात्रेच्या दिवशी भिजवलेल्या मुगांवरून 'गजामूंग' होतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन होणाऱ्या भोजलीचे अंकुर एकमेकांच्या कानांवर खोवून 'भोजली' होतात. कोणी 'गंगाजल', कोणी 'जंवारा'. ही मैत्री जातीची सीमा ओलांडते. दोन्ही कुटुंबे नात्याने बांधली जातात, मितानाचे आईवडील स्वतःच्या आईवडिलांसारखे मानावे लागतात आणि सुखदुःखाची जबाबदारी पुढच्या पिढीकडे जाते. यानंतर मितान परस्परांना नावाने हाक मारीत नाहीत. 'जोहार महाप्रसाद' म्हणायचे. नाव घ्यायचे नाही.

महानायकांच्या मैत्रीचा केंद्रबिंदूही नावच आहे, मात्र उलट दिशेने. १९५२मधील 'सुपरमॅन'च्या ७६व्या अंकात क्लार्क केंट आणि ब्रूस वेन यांना जहाजावर एकाच खोलीत राहावे लागते आणि दोघांना एकमेकांचे खरे नाव कळते. तेथपासून त्या जोडीची मैत्री म्हणजे जगापासून लपवलेले नाव ठाऊक असण्याचा अधिकार. छत्तीसगढी मितान ठाऊक असलेले नाव स्वेच्छेने सोडतो. एकात जवळीक गुपितावर उभी आहे, दुसऱ्यात गावासमोर केलेल्या उच्चारावर. 'ऑल स्टार'चा तो आद्य अंकही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात नायक एकत्र लढत नाहीत; जेवणाच्या मेजाभोवती बसून प्रत्येकजण आपापला पराक्रम सांगतो. कथासरित्सागराच्या वाचकाला ही चौकटकथा परिचित वाटेल. तिला सख्याची कथा म्हणणे मात्र कठीण आहे.

मितानाची कसोटी अशी मांडता येईल : दोन घरे वेगळी हवीत, दोघांची पत समान हवी आणि बंधन दोन्ही बाजूंवर पडायला हवे. या कसोटीवर भारतीय चित्रकथेत प्रथम लक्ष वेधतो तो आबिद सुरती यांनी १९७६मध्ये निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला 'बहादूर'. डाकूचा मुलगा, ज्याच्या हातून बाप मेला त्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो आणि चंबळच्या खोऱ्यात नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्याची सोबतीण बेला सेविका नाही. रायपूर आणि चंबळ त्याकाळी एकाच राज्यात होते, त्यामुळे येथील वाचकाला ही भूमी डेंकालीहून निश्चितच जवळची होती. परंतु बेला दुसऱ्या मालिकेची नायिका नव्हती. 'दोन घरे' ही अट येथे पुरी होत नाही.

ती अट पुरी झाली हिंदीत. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज १९८६मध्ये आला, सुपर कमांडो ध्रुव १९८७मध्ये 'प्रतिशोध की ज्वाला' या अंकातून. नागराजाचे आरंभीचे लेखन परशुराम शर्मा यांचे आणि चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची. अमर चित्रकथेतून मराठी घरांत पोहोचलेल्या मुळीकांच्या रेषेने हिंदीतील सर्वांत लोकप्रिय महानायकाला देह दिला. पुढेही संजय अष्टपुत्रे, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही नावे नागराजाच्या चित्रकारांत दिसतात. मराठीत महानायकांची स्वतंत्र चित्रकथा रुजली नाही अशी खंत व्यक्त करताना, हिंदी महानायक काही काळ मराठी हातांनी काढले जात होते याची नोंद आपण घेत नाही. आशयातही एक ओळखीचा धागा आहे. प्राध्यापक नागमणीने दहशतीचे शस्त्र म्हणून घडवलेल्या नागराजाला गुलामीतून सोडवतात ते बाबा गोरखनाथ. निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांची गुरुपरंपरा ज्या गोरक्षापर्यंत पोहोचते त्याला येथे पाहून मराठी वाचक क्षणभर थबकतो.

ध्रुव हा सर्व बाबतींत त्याच्या विरुद्ध. अनुपम सिन्हा यांच्या या नायकाला कोणतीही अलौकिक शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला, आईवडील जळून गेल्यावर पोलीस अधिकाऱ्याच्या घरी आलेला हा मुलगा बुद्धी, शास्त्र आणि पशुपक्ष्यांची भाषा यांवर लढतो. १९९१मध्ये 'नागराज और सुपर कमांडो ध्रुव' हा अंक निघाला. शीर्षकातील 'और' हे अव्यय मला त्या दशकातील लोकप्रिय वाङ्मयाची एक लक्षणीय घटना वाटते. त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःची मालिका आणि स्वतःचा वाचकवर्ग असलेले नायक आहेत. व्यापारी हेतू उघड होता : एकाचा वाचक दुसऱ्याकडे वळावा. पण ज्या मुलाने फक्त नागराज वाचला होता त्याला ध्रुवाच्या घरी नेणारा हा अंक वाचनातला मितानच ठरला. हिंदी संवादांत हे दोघे परस्परांना 'तुम' म्हणतात. हिंदीच्या तू-तुम-आप या श्रेणीत 'तुम' हे बरोबरीचे, सलगी आणि आदर दोन्ही राखणारे सर्वनाम आहे. मराठीत त्याला जागा नाही. 'तू' म्हटले तर आदर जातो, 'तुम्ही' म्हटले तर अंतर येते. तोच अंक घरी धाकट्या भावाला मराठीतून सांगणाऱ्या रायपूरच्या मुलाला ही निवड दर वाक्याला करावी लागत असणार. भाषांतरमीमांसेला याहून चांगले उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

भेटताच गैरसमज, मग झुंज, मग ओळख आणि शेवटी सख्य हा संयुक्त चित्रकथांचा जगभरचा संकेत आहे. त्याला उथळ म्हणून झिडकारणाऱ्यांनी वनपर्वातील किरात आणि अर्जुन यांची झुंज आठवावी. भारवीने तीवर महाकाव्य रचले. तेथे झुंजीतून परस्परांची योग्यता कळते. दुसरा नमुना किष्किंधाकांडातील. राम आणि सुग्रीव अग्नीला साक्ष ठेवून सख्य करतात, आणि दोघांचीही गरज त्या करारात स्पष्ट आहे. राज कॉमिक्सचे नायक पहिल्या नमुन्याने भेटतात आणि पुढे दुसऱ्या नमुन्याने वागतात असे स्थूलमानाने म्हणता येईल. 'प्रलय', 'राजनगर की तबाही' यांसारख्या नंतरच्या विशेषांकांत भेटीचे आश्चर्य ओसरून कर्तव्याची भाषा येते.

सख्याची खरी परीक्षा डोगामुळे झाली. १९९०च्या दशकाच्या आरंभी आलेला हा मुंबईचा नायक कुत्र्याचा मुखवटा घालून बंदूक चालवतो आणि गुन्हेगाराला ठार मारतो. ध्रुव मारीत नाही. कायदा आणि न्याय यांतील हा वाद अमेरिकेत १९७०मध्ये डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी 'ग्रीन लँटर्न'च्या ७६व्या अंकापासून ग्रीन ॲरोला समोर उभे करून चालवला होता. तेथे तो प्रवासात, बोलण्यातून पुढे जातो. डोगा आणि ध्रुव यांच्यात तो मारामारीतून जातो, तरी प्रश्न तोच : ज्याची रीत मान्य नाही त्याचा मित्र होता येते काय? 'कोहराम'सारख्या अनेक नायकांच्या अंकांत हा प्रश्न गर्दीत हरवतो. अशा अंकांना वाचक 'मल्टिस्टारर' म्हणतात. शब्द हिंदी चित्रपटांचा आहे आणि दोषही तेथलाच. प्रत्येकाला दोन पाने देता देता कोणालाच संवाद उरत नाही. आणखी एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ध्रुवाची बहीण श्वेता हीच मुखवटा घालून चंडिका होते, पण हे दीर्घकाळ तिच्या भावाला ठाऊक नसते. दूरच्या शहरातील नागराज मित्र झाला. घरातल्या बहिणीला बरोबरीची ओळख मिळाली नाही.

तेव्हा आरंभ १९९१च्या अंकापासून करावा, असे मी सुचवितो. तेथून मागे 'प्रतिशोध की ज्वाला' आणि मुळीकांच्या नागराजाकडे, मग 'बहादूर'कडे, आणि सर्वांत शेवटी वेताळ व मँड्रेककडे यावे. लोथारला त्यानंतर वाचले म्हणजे त्याच्या वाट्याला काय आले नाही ते नेमके दिसते. अमेरिकी अंकांपैकी १९५२ आणि १९७०चे दोन या वाटेवर कोठेही वाचता येतील. राज कॉमिक्सची पुनर्मुद्रणे अलीकडे निघाली असल्याने पहिला टप्पा सोपा आहे. मराठी 'इंद्रजाल' मात्र आपल्या ग्रंथालयांच्या दाखलखात्यात क्वचितच चढले. ते अंक भाड्याने देणाऱ्या दुकानांत फाटले किंवा रद्दीत गेले, आणि जे उरले ते संग्राहकांच्या आणि जुन्या कुटुंबांच्या पेट्यांत आहेत. मराठी वेताळ लोथारशी आणि गुर्रनशी कोणत्या सर्वनामाने बोलवला गेला, याची पद्धतशीर तपासणी त्या पेट्या उघडल्यावाचून होणार नाही.